अचूकतेच्या आकड्याआड राहिलेली अक्षरे : देवनागरी प्रतिमा-वाचनाच्या संशोधनाची मराठीच्या अंगाने चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय आलेखन आणि प्रतिमा-प्रक्रिया ही संगणकशास्त्राची दोन अंगे परस्परांच्या विरुद्ध दिशेने चालतात. आलेखनात संगणक आकड्यांवरून चित्र उभे करतो, तर प्रतिमा-प्रक्रियेत तो चित्रावरून आकडे, आकार आणि अर्थ काढतो. लिपी हा या दोन्ही अंगांना जोडणारा विषय आहे. पडद्यावर देवनागरी अक्षर उमटविणे हे आलेखनाचे काम, आणि कागदावरील किंवा पाटीवरील अक्षर छायाचित्रावरून ओळखणे हे प्रतिमा-प्रक्रियेचे काम होय. यांपैकी दुसऱ्या कामास ‘ओसीआर’ किंवा अक्षर-ओळख असे म्हटले जाते. अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी आणि महाविद्यालयीन नियतकालिकांतील शोधनिबंधांसाठी हा विषय वारंवार निवडला जातो.

अशा निबंधांचा साचा आता ठरून गेला आहे. प्रतिमा घ्यावी, ती स्वच्छ करावी, शिरोरेषा काढावी, अक्षरे सुटी करावीत, वर्गीकरण करावे आणि शेवटी अचूकतेची टक्केवारी द्यावी. ही टक्केवारी बहुधा नव्वदीच्या पुढची असते. प्रस्तुत लेखात या साच्यातील प्रमुख टप्पे मराठी लेखनाच्या कसोटीवर तपासले आहेत. देवनागरी म्हणून जे मोजले जाते त्यात मराठीचे नेमके कोणते भाग गळतात, आणि ते गळूनही टक्केवारी उंच कशी राहते, हा या चिकित्सेचा मुख्य प्रश्न आहे. उदाहरणे शक्य तेथे पिंपरी-चिंचवड परिसरातील गावनावांमधून घेतली आहेत. कारण ही नावे पाट्यांवर, सातबाऱ्यावर आणि जुन्या दफ्तरांत अशा तिन्ही ठिकाणी भेटतात.

पूर्वपीठिका

देवनागरीच्या यांत्रिक वाचनाचा इतिहास अर्धशतकाच्या जवळ पोहोचला आहे. आर. एम. के. सिन्हा आणि एच. महाबला यांचा देवनागरी लिपीच्या यंत्रओळखीवरील निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी करड्या प्रतिमेचे काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करण्याची आपली पद्धत मांडली. ओत्सूंची पद्धत आजही बहुतेक निबंधांत पहिल्या पायरीवर वापरलेली दिसते. पुढे १९९७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी व यू. पाल यांनी बंगाली आणि देवनागरी अशा दोन लिप्या वाचणारी प्रणाली मांडली. कानपूरच्या आयआयटीत वीणा बन्सल व सिन्हा यांनी चिकटलेली देवनागरी अक्षरे सुटी करण्याच्या प्रश्नावर काम केले; त्यांचा या विषयावरील निबंध २००२ सालचा आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात पायाभूत काम केले आणि ‘चित्रांकन’ ही देवनागरी वाचणारी प्रणाली वापरात आणली.

या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. पायाभूत निबंधांपैकी बहुतेकांनी देवनागरीचा नमुना म्हणून हिंदी मजकूर समोर ठेवला होता. चौधुरी व पाल यांनी तर तसा उल्लेख निबंधाच्या शीर्षकातच केला होता. पुढील अनुकरणात मात्र ‘हिंदी’ हा शब्द गळाला आणि ‘देवनागरी’ एवढाच उरला. लिपी एक असली तरी ती वापरणाऱ्या भाषा एक नाहीत, या साध्या गोष्टीचा विसर तेथून सुरू झाला.

शिरोरेषेचा आधार आणि त्याची मर्यादा

देवनागरी शब्द सुटा करण्याची रूढ रीत अशी. शब्दाच्या प्रतिमेत आडव्या ओळीनुसार काळे बिंदू मोजावेत. ज्या ओळीत ते सर्वाधिक भरतील ती शिरोरेषा. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार. खाली अक्षराचा मुख्य भाग. आणि त्याखाली उकार, असे तीन पट्टे पडतात. शिरोरेषा पुसली की मधल्या पट्ट्यातील अक्षरे एकमेकांपासून सुटतात आणि उभ्या रिकाम्या जागांवरून ती वेगळी करता येतात.

ही रीत ‘रहाटणी’ या गावनावावर लावून पाहावी. काळेवाडी आणि पिंपळे सौदागर यांच्या शेजारचे हे गाव आता पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग आहे. नावात अक्षरे चार : र, हा, ट, णी. शिरोरेषा पुसल्यावर मधल्या पट्ट्यात मात्र सात तुकडे उरतात. ‘र’ एक, ‘ह’ दुसरा, काना तिसरा, ‘ट’ चौथा, ‘ण’चा डावा भाग पाचवा, ‘ण’चा दंड सहावा आणि वेलांटीचा दंड सातवा. वेलांटीचा वरचा बाक वरच्या पट्ट्यात निराळाच राहतो. सात तुकड्यांपैकी तीन केवळ उभे दंड आहेत आणि आकाराने ते जवळपास सारखे आहेत. त्यांतील एक स्वरचिन्ह आहे, एक व्यंजनाचा अवयव आहे आणि एक दुसऱ्याच स्वरचिन्हाचा अर्धा भाग आहे. कोणता दंड कोणाचा, हे त्या दंडाकडे पाहून कळत नाही. ते शेजारच्या तुकड्यांवरून, वरच्या पट्ट्यातील बाकावरून आणि अखेरीस शब्दाच्या ओळखीवरून ठरते.

शेजारच्याच ‘पिंपळे गुरव’ या नावात आणखी एक अडचण येते. ‘ख’ आणि ‘रव’ यांची गल्लत माणसांनाही होते, म्हणूनच ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडून लिहिण्याचे वळण रूढ करण्यात आले. पाटी रंगविणाऱ्याने जुने वळण ठेवले असेल, तर ‘गुरव’ हा शब्द तुकड्यांच्या पातळीवर ‘गुख’ असाही वाचता येतो. वाचकाला अशी शंका येत नाही, कारण ‘गुख’ हा शब्दच नाही हे त्याला ठाऊक असते. अल्गोरिदमला हे ज्ञान शब्दसंग्रहातून पुरवावे लागते, आणि गावनावे सर्वसाधारण शब्दसंग्रहात नसतात. त्यातही ‘रहाटणी’ व ‘राहटणी’ अशी एकाच नावाची दोन लेखने आढळतात. तेव्हा शब्दसंग्रहाच्या आधारे दुरुस्ती करू पाहणारी प्रणाली बरोबर वाचलेले नावही बिघडवू शकते.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. हाताने भरभर मराठी लिहिणारे अनेकजण शिरोरेषा देत नाहीत. दुकानांच्या पाट्यांवरील सजावटीच्या अक्षरांतही ती पुष्कळदा नसते. जिथे शिरोरेषाच नाही, तिथे सर्वाधिक काळ्या बिंदूंची ओळ भलतीकडेच सापडते आणि पुढची सर्व गणिते त्या चुकीवर उभी राहतात. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर दुकाने व आस्थापनांवर मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे. म्हणजे वाचावयाच्या पाट्या वाढल्या. त्या वाचण्याची रीत मात्र छापील पुस्तकाच्या पानावर बेतलेली राहिली.

स्वच्छतेचा टप्पा आणि अनुस्वार

अक्षरे सुटी करण्याच्या आधी प्रतिमा ‘स्वच्छ’ केली जाते. या टप्प्याकडे निबंधांत फारसे लक्ष दिले जात नाही. एका परिच्छेदात पद्धतीचे नाव सांगून लेखक पुढे जातो. परंतु मराठीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर नुकसान येथेच संभवते.

ओत्सूंची पद्धत संपूर्ण प्रतिमेसाठी एकच सीमामूल्य ठरविते. त्याहून उजळ ते पांढरे, गडद ते काळे. प्रतिमेत दोनच प्रकारच्या छटा ठळकपणे वेगळ्या असतील तर ही पद्धत उत्तम चालते. भोसरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रभागांची तपासणी कॅमेऱ्याने केली जाते, तेथे हे गृहीतक पाळता येते. कारण कॅमेऱ्याचे अंतर, दिव्याचा प्रकाश, सुट्या भागाची जागा आणि मागची पार्श्वभूमी या सर्व गोष्टी तपासणी करणाऱ्याच्या ताब्यात असतात. रस्त्यावरच्या पाटीवर सकाळी अर्धे ऊन आणि अर्धी झाडाची सावली असते. जुन्या कागदावर मागच्या बाजूची शाई पुढे उतरलेली असते. अशा ठिकाणी परिसरानुसार बदलणारे सीमामूल्य लागते. नीब्लॅक यांची १९८६ सालची आणि सौवोला व पिएटिकाइनेन यांची २००० सालची पद्धत त्यासाठीच आहे. कारखान्यातील शिस्तबद्ध प्रकाशात यशस्वी ठरलेली रीत जुन्या दस्तऐवजावर तशीच लावणे आणि निकाल वाईट आल्यास ‘प्रतिमेचा दर्जा कमी’ असे कारण देणे, हे शास्त्रीय विवेचन म्हणता येणार नाही.

यानंतर येते ठिपके काढण्याची क्रिया. तीन गुणिले तीन बिंदूंच्या चौकटीत मधले मूल्य घेणारी मध्यक चाळणी सर्रास वापरली जाते. नऊ बिंदूंपैकी किमान पाच काळे असतील तरच मधला बिंदू काळा राहतो. आता अर्धा मिलिमीटर व्यासाचा अनुस्वार घ्यावा. दर इंची १०० बिंदूंच्या प्रतिमेत तो सुमारे दोन गुणिले दोन, म्हणजे चार बिंदूंचा भरतो. चौकट कोठेही ठेवली तरी तिच्यात चारांहून अधिक काळे बिंदू येत नाहीत. म्हणून तो अनुस्वार संपूर्ण नाहीसा होतो. दर इंची ३०० बिंदूंच्या प्रतिमेत तोच अनुस्वार सुमारे सहा गुणिले सहा बिंदूंचा असतो आणि केवळ त्याचे कोपरे झिजतात. तेव्हा कोणत्या सूक्ष्मतेच्या प्रतिमेवर कोणती चाळणी लावली, ही बाब तपशिलाची नसून निकालाचा अर्थ ठरविणारी आहे.

अनुस्वार गेल्याने ‘पिंपरी’चे ‘पिपरी’ आणि ‘चिंचवड’चे ‘चिचवड’ झाले तर वाचक हसून दुरुस्त करील. पण मराठीत अनुस्वार एकवचन आणि अनेकवचन यांतील भेदही दाखवितो. ‘वारसाची संमती’ आणि ‘वारसांची संमती’, ‘शेतकऱ्याचा हक्क’ आणि ‘शेतकऱ्यांचा हक्क’ या जोड्यांत फरक केवळ एका ठिपक्याचा आहे. दोन्ही रूपे शुद्ध आहेत, दोन्ही शब्दकोशाला मान्य आहेत. त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणालीही ही चूक पकडू शकत नाही. जमिनीच्या कागदात एका वारसाचे अनेक किंवा अनेकांचा एक होणे याला प्रतिमेतील ‘किरकोळ दोष’ म्हणता येत नाही. चाळणीने जे कचरा म्हणून काढले, ते व्याकरण होते.

छत्तीस व्यंजने आणि हरवलेला ‘ळ’

यंत्राने शिकावे यासाठी नमुन्यांचा संच लागतो. आचार्य, पंत व ग्यावली यांनी नेपाळमध्ये तयार करून २०१५ साली मांडलेला हस्तलिखित देवनागरी अक्षरसंच विनामूल्य उपलब्ध असल्याने विद्यार्थी-संशोधकांच्या फार उपयोगाचा ठरला आहे. त्यात ३२ गुणिले ३२ बिंदूंच्या ९२,००० प्रतिमा असून त्यांचे ४६ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गात २,००० प्रतिमा. त्यांतील ७८,२०० शिकविण्यासाठी आणि १३,८०० चाचणीसाठी. त्यावर संचकर्त्यांनी स्वतः ९८.४७ टक्के अचूकता नोंदविली. काम नेटके आहे आणि त्याच्या मर्यादा वर्गांच्या यादीतूनच स्पष्ट होतात.

या ४६ वर्गांत १० अंक आहेत आणि ३६ व्यंजने आहेत : ‘क’पासून ‘ह’पर्यंतची तेहतीस आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘ज्ञ’. स्वर नाहीत. काना-मात्रा-वेलांटी नाही. इतर जोडाक्षरे नाहीत. आणि ‘ळ’ नाही. नेपाळी लेखनाला ‘ळ’ची गरज नसल्याने संचकर्त्यांकडे दोष जात नाही. दोष त्या निष्कर्षाचा आहे, जो या संचावर मिळालेली टक्केवारी मराठीच्या नावे मांडतो.

याचा परिणाम रहाटणीच्या चारही बाजूंना तपासता येतो. काळेवाडी, पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, पिंपळे निलख. थोडे पुढे तळवडे, आळंदी, तळेगाव. या प्रत्येक नावात ‘ळ’ आहे. वरील संचावर शिकलेल्या प्रणालीला ‘काळेवाडी’मधील ‘ळ’ दाखविला, तर ती ‘हे अक्षर मला ठाऊक नाही’ असे उत्तर देऊ शकत नाही. तिच्या रचनेनुसार ४६ वर्गांच्या संभाव्यतांची बेरीज एक व्हावी लागते. म्हणून ती ‘ळ’ला दुसऱ्या कोणत्यातरी वर्गात घालणारच, कदाचित मोठ्या आत्मविश्वासाने. चाचणीच्या १३,८०० प्रतिमांत एकही ‘ळ’ नसल्याने ही चूक टक्केवारीत कधीही उतरत नाही. जे विचारलेच नाही त्यात नापास होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

‘ळ’खेरीज अन्य मराठी विशेषही आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या जोड्यांत रफार व अर्धचंद्रासारखा दिसणारा अर्धा ‘र’ यांनी अर्थ बदलतो. ‘शेतकऱ्यांचा’ या रोजच्या शब्दात तो अर्धा ‘र’ आणि अनुस्वार दोन्ही एकत्र येतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांच्या वापरावर भर दिला. आलेखनाच्या बाजूने, म्हणजे फाँटांच्या रचनेत, या भेदाची दखल घेतली गेली आहे. वाचनाच्या बाजूने मात्र ‘मराठी वळणाच्या “ल”वर प्रणाली किती चुकते’ अशी स्वतंत्र नोंद क्वचितच दिसते.

टक्केवारीचा अर्थ

अक्षरामागे ९८ टक्के अचूकता हा आकडा समाधानकारक वाटतो. तो शब्दांच्या भाषेत मांडून पाहणे उद्बोधक आहे. चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे क्षणभर मानले, तर पाच अक्षरांचा शब्द संपूर्ण बरोबर वाचला जाण्याची शक्यता ०.९८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९०.४ टक्के येते. तीनशे शब्दांच्या पानावर जवळपास २९ शब्द चुकतात. अक्षर-अचूकता ९५ टक्के असेल, तर तोच हिशेब सुमारे ७७ टक्क्यांवर येतो आणि पानावरील ६८ शब्द चुकीचे ठरतात.

अंकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कथेतील चुकलेला शब्द संदर्भाने सावरता येतो; गट क्रमांकाला संदर्भ नसतो. तीन अंकी गट क्रमांक ९८ टक्के अचूकतेने वाचला, तर शंभरांपैकी सुमारे सहा क्रमांक चुकतात, आणि चुकलेला क्रमांकही कोणाच्या तरी जमिनीचाच असतो. म्हणून सर्व अक्षरांच्या चुका समान मानून काढलेली सरासरी ही वापराच्या दृष्टीने अपुरी कसोटी आहे.

अशी कसोटी टिकून का राहिली, याचे उत्तर अंशतः संशोधनाच्या व्यवस्थेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण जोडले. गुण मोजावयाचे तर निबंध लवकर पूर्ण व्हावे लागतात. निबंध लवकर पूर्ण व्हावयाचा तर तयार नमुनासंच, तयार अल्गोरिदम आणि एक वाढलेला आकडा यांचा मार्ग सर्वांत सोयीचा. गावोगावच्या पाट्यांची छायाचित्रे घेणे, जुने दस्तऐवज अनुमतीने प्रतिमाबद्ध करणे, प्रत्येक शब्दाचे शुद्ध वाचन जाणकाराकडून लिहून घेणे ही कामे वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांतून एकच निबंध निघतो. दोष एखाद्या संशोधकाच्या आळसाचा नाही. परिश्रमाचे मोल उलट्या तराजूने होत असल्याचा आहे.

मोडी : जिथे साचाच मोडतो

वरील सर्व मर्यादा मोडी लिपीत एकत्र येतात. मोडीत आधी संपूर्ण ओळ आडवी आखली जाते आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे त्या रेषेला टांगली जातात. शब्दांत अंतर सोडलेले नसते, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी व उकार यांतील भेद बहुधा पाळलेला नसतो. देवनागरीच्या रूढ रीतीत शिरोरेषा शब्दाची सीमा दाखविते. मोडीत ती ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते. रिकाम्या जागेवरून शब्द सुटा करावा, तर ती जागाच नसते. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने भाषेच्या आणि दफ्तराच्या जाणिवेने ठरवावयाचे असते.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. म्हणजे आलेखनाची बाजू पुढे सरकली. पुण्याचे अभिलेखागार, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्यातील अनेक संस्थांत मोडी कागदांचे रुमाल जपलेले आहेत. ही सामग्री केवळ इतिहासकारांच्या कामाची आहे असा समज २०२३ मध्ये दूर झाला. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, आणि जुनी दफ्तरे चाळताना मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वांच्या लक्षात आली. एका कागदावरील एका शब्दाच्या वाचनावर कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून असल्यास ‘आमची प्रणाली ९८ टक्के अचूक आहे’ हे विधान अर्जदाराच्या उपयोगाचे नसते. त्याचा कागद उरलेल्या दोनांत आहे का, हेच त्याला हवे असते.

एक रास्त आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, शिरोरेषा पुसून तुकडे करण्याची रीत आता मागे पडली आहे. हे खरे आहे. २०१२ नंतर बहुस्तरीय चेतापेशी-जालांचा वापर झपाट्याने वाढला. संपूर्ण ओळ एकसंध वाचणाऱ्या पद्धतींना अक्षरे आधी तोडावी लागत नाहीत. मुक्त स्रोतातील टेसरॅक्ट या प्रणालीची २०१८ साली आलेली चौथी आवृत्ती याच प्रकारची असून तिच्यात मराठीसाठी स्वतंत्र शिक्षित संच आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये ९५ हजारांहून अधिक हस्तलिखित देवनागरी शब्दप्रतिमांचा संच मांडला. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीतील संशोधकांनी मोडी दस्तऐवजांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह पुढे आणल्या.

या प्रगतीने ‘रहाटणी’मधील तीन दंडांचा प्रश्न बराच सुटतो, कारण दंड कोणाचा हे ठरविण्याची जबाबदारी आता संपूर्ण ओळीच्या संदर्भावर टाकली जाते. परंतु संदर्भावर भिस्त वाढली की नमुनासंचावरील अवलंबनही वाढते. जुनी प्रणाली न ओळखलेल्या ठिकाणी निरर्थक चिन्हे टाकीत असे. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसे. नवी प्रणाली संदर्भावरून सफाईदार शब्द जुळविते. त्यामुळे चूक शुद्ध मराठीच्या रूपात समोर येते. ‘वारसांची’च्या जागी ‘वारसाची’ आले, तर संशय घेण्याजोगे काहीही उरत नाही. तंत्र सुधारले म्हणून भाषिक चिकित्सेची गरज संपत नाही. उलट ती वाढते.

काही अपेक्षा

उपरोक्त चर्चेवरून देवनागरी प्रतिमा-वाचनावरील निबंधांकडून पुढील अपेक्षा ठेवणे वावगे होणार नाही.

पहिली अपेक्षा नामाभिधानाची. निबंधाच्या शीर्षकात लिपीबरोबर भाषाही सांगावी. ‘देवनागरीतील ३६ सुटी व्यंजने’ वाचणाऱ्या प्रणालीस ‘मराठी वाचक’ म्हणू नये.

दुसरी अपेक्षा निकालाच्या मांडणीची. एका सरासरीऐवजी अक्षर, शब्द आणि अंक यांची अचूकता वेगवेगळी द्यावी. ‘ळ’, अर्धा ‘र’, अनुस्वार, मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ यांवरील चुकांचा स्वतंत्र तक्ता असावा. प्रतिमेची सूक्ष्मता, वापरलेली चाळणी आणि सीमामूल्याची पद्धत यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा.

तिसरी अपेक्षा प्रणालीच्या वर्तनाची. अनोळखी आकार समोर आल्यास ‘वाचता आले नाही’ असे सांगण्याची सोय तिच्यात असावी आणि असे नकार किती वेळा योग्य होते, हेही मोजावे. सरकारी दस्तऐवजांसाठी प्रामाणिक नकार हा चुकीच्या वाचनापेक्षा अधिक उपयुक्त असतो.

चौथी अपेक्षा सहकार्याची. ज्या महाविद्यालयांत संगणक, मराठी आणि इतिहास हे विभाग एकाच आवारात आहेत, तेथे नमुनासंचाचे काम विभागून करणे अवघड नाही. परिसरातील पाट्यांची काही शे छायाचित्रे, त्यांचे मराठी विभागाने तपासलेले वाचन आणि मोडी जाणणाऱ्यांनी लावलेली काही पाने एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. असा संच लहान असला तरी त्यावर मिळालेली ७० टक्के अचूकता परक्या संचावरील ९८ टक्क्यांपेक्षा अधिक माहिती देईल. निबंध तपासणाऱ्या परीक्षकांनीही आकड्याच्या उंचीपेक्षा तो कशावर मोजला याकडे अधिक लक्ष द्यावे.

समारोप

प्रतिमा-प्रक्रियेतील प्रत्येक पायरी काहीतरी टाकून देण्याचा निर्णय असतो. सीमामूल्य छटा टाकते, चाळणी ठिपके टाकते, नमुनासंच वर्ग टाकतो आणि सरासरी वेगवेगळ्या चुकांमधला फरक टाकते. यांतील कोणताही निर्णय स्वतःहून चुकीचा नाही. काय टाकावे हे वाचावयाच्या भाषेकडे पाहून ठरले पाहिजे, एवढेच. मराठीच्या बाबतीत ठिपका म्हणजे अनेकवचन असू शकते, न शिकविलेले एक अक्षर म्हणजे अर्ध्या परिसराची गावनावे असू शकतात आणि न सुटणारी एक मोडी ओळ म्हणजे एखाद्या कुटुंबाचा हक्क असू शकतो. देवनागरी प्रतिमा-वाचनाच्या पुढील संशोधनाने ‘किती टक्के वाचले’ याच्या जोडीला ‘काय वाचता आले नाही आणि त्याने कोणाचे काय बिघडले’ या प्रश्नाचेही उत्तर दिले, तरच ते मराठी वाचकाच्या आणि अर्जदाराच्या कामी येईल.